काखेत कळसा : कंपनीला काय येतं, हे कंपनीलाच कसं कळावं?

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी काही वर्षं क्वालिटीत होतो. तिथे एका व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर, पंपाच्या हाऊसिंगचं बोअरिंग, म्हणजे गोल भोक कोरायचं काम, चालायचं. जॉब ज्या फिक्श्चरवर, म्हणजे त्याला पकडून धरणाऱ्या साच्यावर, बसायचा त्याच्या डाव्या पॅडवर पितळी शिमचा, म्हणजे पातळ पत्र्याचा, एक तुकडा असायचा. दोन बोटं रुंद, कडा कूलंटने काळ्या पडलेल्या. त्याच्याकडे कोणी लक्ष द्यायचं नाही. सेटर मामा निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात कस्टमरचं ऑडिट आलं म्हणून फाइव्ह-एसची, म्हणजे कारखाना नीटनेटका ठेवायच्या पद्धतीची, झाडाझडती निघाली, आणि एका मेहनती पोराने ते फिक्श्चर खोलून लख्ख पुसलं. तुकडा कचऱ्यात गेला.

दुसऱ्या दिवसापासून बोअर काटकोनात येईना. टूल बदललं, स्पिंडलचा रनआउट तपासला, कास्टिंगवाल्याला फोनवर झापलं. प्रोसेस शीट काढली. रिव्हिजन सहा, खाली तीन सह्या, सगळं जागच्या जागी. चार दिवसांत रिजेक्शनचा ढीग लागला. शेवटी कोणीतरी मामांना फोन लावला. ते कोरेगावजवळ गावी, आल्याच्या रानात पाणी धरत होते. आमचं बोलणं अर्ध्यात तोडून म्हणाले, "डाव्या पॅडवरची पट्टी काढली का रं?"

नऊ वर्षांपूर्वी कधीतरी टूल आपटून तो पॅड पन्नास मायक्रॉनने, म्हणजे ०.०५ मिलिमीटरने, दबला होता. पॅड काढून ग्राइंड करायचा तर लाइन दोन दिवस बंद ठेवावी लागली असती, आणि डिस्पॅच तोंडावर होता. म्हणून तात्पुरता शिम घातला. आपल्याकडे 'तात्पुरतं' या शब्दाचं आयुष्य किती असतं ते तुम्हाला माहीत आहेच.

कंपनीकडे कागद होते, फाइली होत्या, सर्टिफिकेट होतं. जी एक गोष्ट माहीत असायला हवी होती ती मात्र कोरेगावला गेली होती. 'नॉलेज मॅनेजमेंट' या भारदस्त नावाखाली जे काही चालतं, ते खरं तर या एका दुखण्यावरचं औषध शोधणं आहे.

तीन ढीग

कंपनीला जे येतं त्याचे ढोबळमानाने तीन ढीग करता येतात.

पहिला लिहिलेल्याचा : ड्रॉइंग, प्रोसेस शीट, करार, रजेचे नियम, मशीनची मॅन्युअल. दुसरा ढीग सांगता येण्यासारख्या गोष्टींचा, ज्या कोणी कोणाला विचारल्याच नाहीत. मामांचा शिम यातला. अमुक ग्राहकाचं बिल महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत गेलं नाही तर ते पुढच्या महिन्यावर जातं, हेही यातलंच. तिसरा ढीग सगळ्यात अवघड, कारण त्यातलं ज्याला येतं त्यालाही ते सांगता येत नाही. मामा मशीनकडे पाठ करून चहा पीत उभे असायचे आणि मध्येच म्हणायचे, "इन्सर्ट बदल, गेलाय." इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं टोक. कसं कळलं विचारलं तर म्हणायचे, आवाज ऐक की. आम्ही ऐकायचो. आम्हाला सगळे आवाज सारखेच वाटायचे.

इंग्रजीत या तिसऱ्या ढिगाला 'टॅसिट नॉलेज' म्हणतात. ही कल्पना मांडली मायकेल पोलान्यी यांनी. बुडापेस्टमध्ये जन्मलेला हा रसायनशास्त्रज्ञ पुढे मँचेस्टरला तत्त्वज्ञानाकडे वळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं. मराठीत यासाठी परिभाषा कोशात जायची गरज नाही. आपल्याकडे 'हातोटी' हा शब्द आहे. हात बसतो, नजर बसते, कान तयार होतो. आपल्या भाषेने हे ज्ञान डोक्यात न ठेवता थेट अवयवांत ठेवलं आहे, आणि ते बरोबरच आहे.

या तीन ढिगांना तीन वेगळे उपचार लागतात. बहुतेक कंपन्या पहिल्या ढिगासाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतात आणि तिन्हींचं काम झालं असं समजतात. गडबड इथूनच सुरू होते.

हातोटी शिकायची तर शेजारी उभं राहावं लागतं

तिसऱ्या ढिगाची गोष्ट जपानातली आहे, आणि ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की थोडक्यात सांगतो. १९८५ च्या सुमारास ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकमध्ये, घरगुती ब्रेड बनवणारं यंत्र तयार होत होतं. ब्रेड बाहेरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. कणीक नीट मळली जात नव्हती. इकुको तानाका या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली मळायला शिकायला गेल्या. बराच काळ शिकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की तो कणीक नुसती ओढत नाही, ओढता ओढता पिळतो. बेकरने हे त्यांना तोंडाने सांगितलं नव्हतं. मग यंत्राच्या भांड्याला आतून खास उंचवटे दिले गेले आणि १९८७ मध्ये यंत्र बाजारात आलं.

इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या दोघांनी १९९५ च्या पुस्तकात ही हकिकत मांडली आणि त्यावर एक सिद्धांतही उभा केला : हातातलं ज्ञान शब्दांत येतं, शब्दांतलं इतर शब्दांशी जुळतं, आणि करता करता पुन्हा कोणाच्या तरी हातात मुरतं. पुढे यावर टीकाही झाली. यंत्रात बेकरचं सगळं कसब उतरलं नव्हतं, बरंचसं काम मोजूनमापून दिलेल्या पिठाने आणि पाण्याने केलं, असं काहींनी दाखवून दिलं. मला ती टीका पटते. पण कारखान्यात काम केलेल्या माणसाला त्या गोष्टीतला मुख्य भाग ओळखीचा वाटतो : शिकायला जाणारी व्यक्ती गेली, प्रत्यक्ष पिठात हात घातला, आणि कंपनीने तिला त्यासाठी वेळ दिला.

आपल्याकडे हा वेळच मिळत नाही. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात 'नॉलेज ट्रान्स्फर' म्हणून एक मीटिंग लावतात. मामांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवतात, समोर लॅपटॉप घेऊन पोरगा बसतो आणि विचारतो, "मामा, तुम्ही काय काय करता?" मामा म्हणतात, "सेटिंग." मीटिंग संपते. मशीनपासून लांब नेलेल्या माणसाला काय आठवणार? तोच पोरगा सहा महिने आधी त्यांच्या शिफ्टला लावला असता तर दबलेला पॅड त्याला पहिल्याच आठवड्यात दिसला असता.

गप्पांचं मोल

दुसरा ढीग, म्हणजे सांगता येणारं पण न सांगितलेलं, माझ्या मते सगळ्यात मोठा असतो. नीट वागलं तर सगळ्यात स्वस्तात हाती लागणाराही तोच. तो कुठे सापडतो हे झेरॉक्स कंपनीतल्या एका अभ्यासातून कळलं.

ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ. १९८० च्या दशकात ते झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातर्फे कॉपियर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियनांबरोबर फिरले. एखाद्या आदिवासी पाड्यावर जाऊन राहावं तसे त्यांच्यात बसले, त्यांच्याबरोबर जेवले. कंपनीची समजूत अशी होती, की मशीन एरर कोड दाखवतं, टेक्निशियन मॅन्युअल उघडतो, पायऱ्या चढत जातो, मशीन दुरुस्त होतं. प्रत्यक्षात मॅन्युअलमध्ये नसलेल्या भानगडी रोज समोर येत, आणि त्या सुटत जेवणाच्या टेबलावर. एक म्हणायचा, मलाही असाच कोड आला होता, पण खरी बोंब पॉवर सप्लायची निघाली. दुसरा त्याला स्वतःचा किस्सा जोडायचा. वरच्या साहेबांना जो टाइमपास वाटत होता, तीच त्यांची शाळा होती.

यातून झेरॉक्सने नव्वदच्या दशकात 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. टेक्निशियनने आपली युक्ती लिहून पाठवायची, त्याच कामातल्या जाणत्यांनी ती तपासायची, खरी ठरली तर ती सगळ्यांना दिसणार आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव असणार. प्रत्येक युक्तीला पैसे द्यावेत का, अशी चर्चा निघाली तेव्हा टेक्निशियनांनीच नको म्हटलं. पैसे ठेवले तर लोक युक्त्या मोजत बसतील, त्या चांगल्या आहेत का ते कोणी पाहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना नाव पुरेसं होतं. दुसऱ्या शहरातला कोणी अनोळखी भाऊबंद 'तुझी ती युक्ती माझ्या कामी आली' म्हणाला, की झालं.

त्यांची शंका किती बरोबर होती, हे आपल्या देशातच दिसलं. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे बेंगळुरूला गेलेल्या इन्फोसिसने या विषयात फार लवकर हात घातला होता. कोणाला काय येतं याची माणसांची सूची त्यांनी नव्वदच्या दशकातच केली होती. २००० नंतर, लोकांनी लिहावं म्हणून त्यांनी 'नॉलेज करन्सी युनिट' आणलं. लेख दिला, तपासला की युनिट जमा, आणि युनिटांवर बक्षीस. लेखांचा पूर आला. तपासणाऱ्यांवर ताण पडला, आणि वाचणाऱ्यांची तक्रार सुरू झाली की एवढ्या ढिगात कामाचं काही सापडत नाही. कंपनीने ते वेळेत ओळखलं. लेख खरोखर किती जणांच्या उपयोगी पडला याला जास्त वजन देऊन योजना बदलली. व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी हे उदाहरण सविस्तर लिहून ठेवलं आहे आणि कंपनीने त्यात हात आखडता घेतला नाही, याचं मला कौतुक वाटतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्या कहाण्यांत दबक्या आवाजात सांगितली जाते, ती मोठ्याने सांगायला हवी. माहिती दडवून ठेवण्यात माणसाचा फायदा असतो. 'माझ्यावाचून अडतं' हाच अनेकांचा पगारवाढीचा एकमेव मुद्दा असतो. कंत्राटावर ठेवलेल्या ऑपरेटरला तुम्ही सांगणार, तुला जे येतं ते सगळं लिहून दे. आणि पुढच्या मार्चमध्ये त्याचं कंत्राट संपणार. तो का लिहील? मी त्याच्या जागी असतो तर लिहिलं नसतं. लोक सांगत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या मालकाने आधी हे पाहावं, की सांगणाऱ्याचं पुढे काय झालं ते बाकीच्यांनी पाहिलेलं असतं.

'कसं' सापडतं, 'का' हरवतं

आता थोडं लांब, अमेरिकेत जाऊ.

टेनेसी राज्यात ओक रिज इथे अण्वस्त्रांसाठी 'फॉगबँक' या टोपणनावाचा एक पदार्थ बनत असे. तो अस्त्रात नेमकं काय करतो हे आजही गुप्त आहे. १९७५ ते १९८९ या काळात त्याचं उत्पादन झालं, मग कारखाना बंद झाला. २००० च्या सुमारास जुनी अस्त्रं नव्याने दुरुस्त करायची ठरली तेव्हा लक्षात आलं, की हा पदार्थ बनवायचा कसा हेच कोणाला नीट ठाऊक नाही. नोंदी मोजक्याच होत्या, आणि तो बनवणारे जवळजवळ सगळे निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते. हे अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानेच २००९ मध्ये नोंदवलं आहे.

मग नवा कारखाना उभारला, जुन्या नोंदी धुंडाळून पद्धत पुन्हा बसवली. तरी माल बरोबर येईना. खरी मेख पुढे सापडली. जुन्या काळी कच्च्या मालात एक अशुद्धी राहून जायची आणि पदार्थ नीट जमायला तीच लागत होती. नव्या कारखान्याची शुद्धीकरणाची पद्धत जास्त चांगली, त्यामुळे अशुद्धी निघून जायची. जुन्या लोकांना ती अशुद्धी कामाची आहे याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे ती नोंदीत येण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्या पोराने फिक्श्चर लख्ख पुसलं, तसाच हा प्रकार.

दोन्ही ठिकाणी 'काय करायचं' हे कुठे ना कुठे होतं, निदान शोधता येत होतं. 'का' मात्र नव्हतं. कंपन्यांच्या कागदांत सगळ्यात जास्त तुटवडा मला याचाच दिसला आहे. प्रोसेस शीट सांगते फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, इतका ठेवा. तो वाढवला तर काय होतं हे सांगत नाही. एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, सांगते या व्हेंडरकडून माल घेऊ नये. तो उशीर करतो, का त्याचा माल खराब, का तीन साहेबांपूर्वी कोणाचं त्याच्याशी भांडण झालं होतं, हे सांगत नाही. कारण माहीत नसलेला नियम दोनच प्रकारे मरतो. कोणीतरी तो मूर्खपणा समजून मोडतो, नाहीतर त्याची पूजा सुरू होते.

सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर एक साधी सवय लावून घेतली आहे. मोठा निर्णय घेतला की अर्ध्या पानाची नोंद करायची : तेव्हा परिस्थिती काय होती, काय ठरलं, दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का सोडले, यातून कोणता तोटा जाणूनबुजून पत्करला. एवढंच. नंतर निर्णय बदलला तर जुनी नोंद खोडायची नाही, खाली लिहायचं की ही रद्द, नवी अमुक पाहा. कारखान्याला, दवाखान्याला, सहकारी पतसंस्थेलाही हे जसंच्या तसं चालेल. अर्ध्या पानाला कोणाची ना नसते. दहा पानांचा फॉर्म दिलात की लोक तो ऑडिटच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरतील.

कोणाला विचारायचं?

घरात गॅसचं पुस्तक कुठे आहे ते बाबांना ठाऊक नसतं. आईला ठाऊक असतं हे त्यांना ठाऊक असतं, आणि तेवढं पुरतं. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये यावर सिद्धांत मांडला : एकत्र राहणारी माणसं स्मरणाचं काम आपसांत वाटून घेतात आणि कोणाकडे काय आहे एवढंच लक्षात ठेवतात. दहा जणांच्या कंपनीचं असंच चालतं. ती शंभरावर गेली की तुटतं, कारण आता कोण कोणाला ओळखतंय?

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी एक साधा तक्ता करावा : डाव्या बाजूला काम, उजव्या बाजूला ते येणाऱ्या दोघांची नावं. दोघांची. जिथे दुसरं नाव सुचत नाही तिथे धोका आहे, तो आधी लिहून घ्या.

महाराष्ट्रात ही परीक्षा आपोआप होते. गणपतीत. अकाउंट्समधला एकजण सात दिवसांसाठी सिंधुदुर्गातल्या गावी जातो, तिथे आंगणात आलं तर रेंज मिळते, नाहीतर नाही. इकडे जीएसटी पोर्टलचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. कुरिअरवाल्याचा नंबर त्याच्याच फोनमध्ये. टॅलीतलं एक खातं 'संकीर्ण-२' नावाचं, त्यात काय टाकायचं ते त्यालाच ठाऊक. मी एका ठिकाणी पाहिलं, की साहेबांनी चिडचिड न करता त्या आठवड्यात जे जे अडलं ते फळ्यावर लिहायला लावलं. एकवीस गोष्टी निघाल्या. माणूस प्रसाद घेऊन परतला तेव्हा फळा पाहून आधी घाबरला, मग दोन दिवस बसून त्यातल्या सतरा गोष्टी त्याने शेजारच्या मुलीला शिकवल्या. कोणत्याही सल्लागाराने याहून नेमकी यादी काढली नसती.

फडताळ लावायचं कसं

पहिला ढीग, लिहिलेल्याचा, शेवटी घेतोय कारण त्यावर सगळेच बोलतात. तरी त्यातही लोक जिथे अडकतात ती जागा ठरलेली असते : फोल्डर कसे करावेत?

खात्याप्रमाणे करावेत की ग्राहकाप्रमाणे की वर्षाप्रमाणे, यावर मी तासन् तास वाद ऐकले आहेत. हा प्रश्न आपल्याच देशातल्या एका माणसाने सोडवून ठेवलाय. शि. रा. रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. प्रत्येक पुस्तकाला एकच ठरीव खण देणारी वर्गीकरणं त्यांना अपुरी वाटली, कारण पुस्तक एकाच वेळी अनेक बाजूंचं असतं : विषय काय, कशापासून, कोणती क्रिया, कुठे, कधी. १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण आणलं, त्यात या बाजू वेगवेगळ्या नोंदवून जोडल्या जातात. आज ऑनलाइन दुकानात तुम्ही साडी शोधताना रंग, किंमत, कापड असे वेगवेगळे गाळणे लावता, त्यामागचा विचार याच जातीचा. कंपनीतल्या कागदालाही हेच लावा. तो एका जागी ठेवा आणि त्याला चार चिठ्ठ्या चिकटवा : कोणत्या मशीनचा, कोणत्या ग्राहकाचा, कोणत्या कामाचा, कोणत्या साली. फोल्डरचं भांडण मिटतं.

ग्रंथालयशास्त्राचे त्यांचे पाच नियम १९३१ चे. त्यातला चौथा सांगतो, की वाचकाचा वेळ वाचवा. हा एकच नियम लावला तरी कंपनीचे निम्मे कागद सुधारतील. रात्री अडीच वाजता मशीन बंद पडलंय आणि ऑपरेटर मोबाइलवर शोधतोय, तेव्हा त्याला प्रस्तावना, उद्देश आणि व्याप्ती नको असते. त्याला हवं असतं : तांबडा दिवा लुकलुकतोय, हा व्हॉल्व्ह बंद कर, याला फोन कर. मशीन कसं चालतं हे समजावणारा लेख वेगळा, नवख्याला शिकवणारा धडा वेगळा, आकडे पाहायचा तक्ता वेगळा. आपण चारही एका पीडीएफमध्ये कोंबतो आणि मग कोणी वाचत नाही म्हणून रडतो.

जागा कोणती, हे मी कमी महत्त्वाचं मानतो. विकी चालेल. कोणालाही पान उघडून तिथल्या तिथे दुरुस्त करता यावं म्हणून वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं नाव त्यांनी तिला दिलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. गूगल ड्राइव्ह चालेल, स्टोअरमधलं जाडजूड रजिस्टरही चालेल. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका. आपल्याकडच्या निम्म्या कंपन्यांचं खरं ज्ञान तिथेच राहतं हे मला ठाऊक आहे. बिघाडाचा फोटो, त्याखाली उपाय, त्याखाली अंगठे, त्याखाली कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक. तीन महिन्यांनी तोच बिघाड आला की पुन्हा पहिल्यापासून. विचारायला ग्रुप चालेल, पण उत्तर मिळालं की ते उचलून पक्क्या जागी न्यायचं काम कोणाच्या तरी नावावर हवं.

'नावावर' हा शब्द मुद्दाम वापरला. प्रत्येक पानावर एक नाव हवं आणि एक तारीख हवी : हे पान कोणाचं, आणि खरं आहे का ते शेवटचं कोणी कधी तपासलं. खात्याचं नाव चालणार नाही. खातं कधी चुकत नाही आणि कधी दुरुस्तही करत नाही. वर्षभर कोणी हात न लावलेलं पान बाजूला काढायचं धाडस लागतं. दिवाळीची साफसफाई आपण माळ्याची करतो, सर्व्हरची का नाही?

हे आता जास्त निकडीचं झालंय, कारण मध्ये एआय आलंय. 'कंपनीच्या कागदांना प्रश्न विचारा, उत्तर मिळवा' अशी साधनं आता विकली जातात. त्यातली बहुतेक अशी चालतात : तुमच्या प्रश्नाशी जुळणारे उतारे आधी तुमच्याच कागदांतून शोधायचे, मग भाषेचं मॉडेल ते वाचून सरळ वाक्यांत उत्तर लिहितं. ही पद्धत संशोधकांनी २०२० मध्ये मांडली आणि ती खरोखर कामाची आहे. पण तुमच्या ड्राइव्हवर रजेच्या धोरणाच्या तीन प्रती असतील, त्यातल्या दोन बाद झालेल्या असतील, आणि तसं त्यांवर कुठे लिहिलेलं नसेल, तर यंत्र त्यातली एखादी उचलून अत्यंत आत्मविश्वासाने चुकीचं सांगेल. पूर्वी जुना कागद कपाटात गपचूप पडून असायचा, आता तो बोलतो. आणि पगाराची शीट चुकून सगळ्यांना उघडी ठेवलेली असेल तर तीही बोलेल.

आयएसओवाल्यांसाठी एक ओळ : ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत कलम ७.१.६ हे संस्थेच्या ज्ञानावरच आहे, आणि २०१८ मध्ये तर या विषयाचं स्वतंत्र मानक, ३०४०१, निघालं. म्हणजे ऑडिटर विचारू शकतो. त्याला दाखवायला फाइल करावीच लागेल, पण ती फाइल म्हणजे हे काम नव्हे, हे भोसरीच्या अनुभवावरून सांगतो.

तर त्या शिमचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मामांच्या फोननंतर आम्ही शहाणे झालो. मशीनच्या दारावर लॅमिनेट केलेली पाटी लावली : 'डाव्या पॅडवर ०.०५ शिम ठेवणे. काढू नये. पॅड दबलेला आहे.' कारणासकट. मी स्वतः लिहिली होती, तिचा मला अभिमान होता. नाव लिहिलं नाही, तारीखही नाही. दोनेक वर्षांनी जुनं फिक्श्चर भंगारात गेलं आणि नवं कोरं आलं. पाटी दारावर होती, ती दारावरच राहिली. रात्रपाळीला नवीन लागलेल्या पोराने ती नीट वाचली, स्टोअरमधून ०.०५ चा शिम काढून आणला, आणि नव्या सपाट पॅडवर जपून बसवला.

सकाळी मी आलो तेव्हा बोअर पुन्हा काटकोनात येत नव्हता. या वेळी उलट्या बाजूला.